लाईट चालू राहिला, बॅटरी उतरली: गाडी सुरू कशी करायची आणि नंतर बॅटरी कशी वाचवायची

सकाळी घाईत चावी फिरवली, कट कट कट कट असा आवाज आला, मीटरवरचे दिवे एकदा लुकलुकले आणि विझल्यासारखे झाले, आणि मग नजर गेली लाईटच्या स्विचकडे, तर तो कालपासून चालूच. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच आणि ती नेमकी घाईच्या दिवशी येते. त्यात वाटणारी भीती मला माहितीये, म्हणून सगळं नीट, क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. बॅटरी उतरली म्हणजे मेली असं नाही. एकदा लाईट चालू राहिला म्हणून चांगली बॅटरी सहसा फेकायची वेळ येत नाही, ती वेळ आपण नंतरच्या आठवड्यात आणतो, म्हणजे कुणाच्यातरी गाडीला केबल लावून आपली सुरू करतो, झालं काम म्हणतो आणि अर्धी रिकामी बॅटरी तशीच रोज वापरत राहतो. माझ्या गाडीत एकदा मागच्या सीटखाली पडलेली वस्तू शोधायला छताचा दिवा लावला होता, दुपारच्या लख्ख उजेडात तो चालू आहे हे दिसलंच नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी एकदम गप्प. मेकॅनिक आला, व्होल्ट मोजायचं मीटरसुद्धा न लावता म्हणाला, "साहेब, बॅटरी बदला." बॅटरी होती दीड वर्षाची. मी ती काढली, स्लो चार्जरवर रात्रभर ठेवली आणि तीच बॅटरी पुढे अजून दोन वर्षं चालली. तेव्हापासून मला वाटतं की लोकांना गाडी सुरू कशी करायची एवढंच सांगून भागत नाही, पुढचे चोवीस तास काय करायचं तेही सांगायला हवं.

कुठला लाईट किती खातो

हिशोब सोपा आहे, बल्बच्या वॅटला 12 ने भागायचं, आले ॲम्पिअर. साध्या हॅलोजन हेडलाईटचा एक बल्ब 55 वॅटचा, दोन मिळून 110, त्यात मागचे दिवे आणि नंबर प्लेटचा दिवा धरला की साधारण 130 वॅट, म्हणजे 11 ॲम्पिअर. बॅटरी 45 ॲम्पिअर-तासाची असेल तर कागदावर चार तास, पण खरं म्हणजे दोन-अडीच तासातच गाडी सुरू न होण्याची वेळ येऊ शकते कारण सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला, लागतात शे-दोनशे ॲम्पिअर, काही गाड्यांत अजून जास्त, आणि अर्धी रिकामी बॅटरी एवढा करंट द्यायला गेली की तिचे व्होल्ट एकदम कोसळतात. तो कट कट आवाज त्याचाच आहे. सेल्फचा सोलेनॉइड (करंट आला की खेचला जाणारा विजेचा स्विच) आत खेचला जातो, सेल्फवर लोड येतो, व्होल्ट पडतात, सोलेनॉइड सुटतो, व्होल्ट परत वर येतात, तो परत खेचला जातो, असं सेकंदाला कितीतरी वेळा चालू राहतं.

पार्किंग लाईट फसवे असतात. सगळे मिळून 25-30 वॅट म्हणजे दोन-अडीच ॲम्पिअर, लोकांना वाटतं बारीक तर आहेत, पण रात्रीच्या दहा तासात 20-25 ॲम्पिअर-तास गेले की अर्धी बॅटरी संपली. बॅटरी नवी असेल तर कण्हत कुंथत सुरू होईल, जुनी असेल तर नाही. छताच्या दिव्याला 5 ते 10 वॅट लागतात, तो एका रात्रीत सहसा काही करत नाही, दोन-तीन दिवसात करतो. एलईडी असेल तर खूपच कमी खातो, पण एलईडी हेडलाईट रात्रभर राहिले तर तेही गाडी झोपवतात, त्यामुळे एलईडी आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

आधी बॅटरीच आहे ना ते बघा

सेल्फ मारताना मीटरचे दिवे मंद होत असतील, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजत असेल, कट कट येत असेल किंवा काहीच येत नसेल, तर बॅटरी. दिवे एकदम प्रखर आहेत आणि फक्त एकच मोठा 'टक' येतोय, तर सेल्फ किंवा त्याचं कनेक्शन असू शकतं. इंजिन नेहमीसारखं जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीच्या मागे लागूच नका, प्रॉब्लेम दुसरीकडे आहे. आणि बोनेट उघडून बॅटरीचे दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा, बऱ्याचदा टर्मिनल सैल असतं किंवा त्यावर पांढरा-हिरवा थर जमलेला असतो आणि दोष उगाच लाईटवर जातो.

खात्री झाली की पहिलं काम म्हणजे जो लाईट राहिला होता तो बंद करणं. हसू नका, गडबडीत तो तसाच चालू ठेवून लोक दहा वेळा सेल्फ मारतात. एसी, ब्लोअर, म्युझिक, मोबाईलचा चार्जर, सगळं बंद. मग दहा-पंधरा मिनिटं गाडीला हात लावू नका. लाईट तासाभरापुरताच राहिला असेल तर तेवढ्या विश्रांतीने बॅटरी थोडी सावरते आणि क्लच पूर्ण दाबून एकदा सेल्फ मारला तर कधी कधी सुरू होते. नाही झाली तर पुन्हा पुन्हा मारू नका, प्रत्येक प्रयत्न उरलेलं थोडंसं पण ओढून घेतो.

गाडी लॉक आहे आणि रिमोटने उघडतच नाही असं झालं तर रिमोटच्या पोटात एक साधी लोखंडी चावी लपलेली असते, बाजूचं बटण दाबून ती बाहेर ओढायची. चावीचं भोक दिसत नसेल तर ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर एखादं प्लास्टिकचं झाकण असतं त्याच्या मागे बघा. ऑटोमॅटिक गाडीत बॅटरी पूर्ण गेली की गिअर सहसा पार्कमधून निघत नाही, इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तोही सुटत नाही, त्यामुळे ढकलून बाजूला घेऊ हा विचार सोडा, मदतीची गाडीच जवळ आणावी लागते.

जंपर केबल लावताना

बॅटरीकडे नीट बघा. फुगलीये, तडा गेलाय, ॲसिड गळतंय, कडाक्याच्या थंडीत आत गोठलीये असं काहीही वाटलं तर केबल लावायचीच नाही. उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखं पातळ होतं म्हणून ती भरलेल्या बॅटरीपेक्षा खूप लवकर गोठते, आणि गोठलेल्या बॅटरीत करंट ढकलला तर फुटू शकते.

दोन्ही गाड्या 12 व्होल्टच्याच हव्यात, मोठे ट्रक बहुतेक 24 चे असतात, त्यांच्याकडून घेऊ नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीने दुसऱ्या गाडीला जंप द्यायला बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये मनाई असते, तेव्हा त्यांचं मॅन्युअल बघितल्याशिवाय नाही. गाड्या एकमेकींना चिकटलेल्या नकोत, दोन्ही बंद, न्यूट्रल किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक वर. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा, हे खरंच करा, पाना किंवा अंगठी प्लस आणि बॉडीच्या मध्ये आली तर क्षणात लाल होते. आणि बॅटरी बोनेटखाली दिसलीच नाही तर घाबरू नका, काही गाड्यांत ती डिकीत किंवा सीटखाली असते आणि बोनेटखाली जंपसाठी लाल झाकणाचं वेगळं टोक दिलेलं असतं.

आता क्रम, हा चुकवायचा नाही:

1. लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला.
2. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
3. काळ्याचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला.
4. काळ्याचं शेवटचं टोक बॅटरी उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. मॅन्युअलमध्ये अर्थिंगची जागा दाखवली असेल तर तिथेच.

शेवटचं टोक बॅटरीला का नाही असं सगळे विचारतात. शेवटचा चिमटा लावताना छोटी ठिणगी पडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, हवेत तो 4 टक्के झाला तरी पेट घेतो. ठिणगी त्या गॅसपासून लांब पडावी म्हणून हा सगळा खटाटोप. आणि प्लस-मायनस उलटं झालं तर फ्यूज, अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचे) डायोड, गाडीचा कॉम्प्युटर यातलं काहीही जाऊ शकतं, म्हणून केबलच्या रंगावर विसंबू नका, बॅटरीवर कोरलेली खूण बोट ठेवून वाचा.

केबल लावली, मदतीची गाडी सुरू केली, आता लगेच सेल्फ मारायचा नाही. पाच ते दहा मिनिटं ती गाडी चालू ठेवा, ॲक्सिलरेटर थोडासा दाबून दीड-दोन हजार आरपीएमवर. मग सेल्फ मारा, पाच सेकंद, फार तर दहा, नाही झाली तर एक-दोन मिनिटं थांबा. तरी कट कट येत असेल तर बहुतेक वेळा दोष चिमट्यात असतो. चिमटा हातात घेऊन जवळून बघा, बऱ्याच स्वस्त केबलमध्ये तांब्याची तार चिमट्याच्या एकाच जबड्याला जोडलेली असते, दुसरा जबडा नुसता धरायला. तो तारवाला जबडा टर्मिनलच्या स्वच्छ शिशाला टेकला पाहिजे, पांढऱ्या थराला टेकून काही उपयोग नाही. चिमटा थोडा फिरवून दात रुतवा, फरक लगेच कळतो. केबल हाताला गरम लागायला लागली तर ती बारीक आहे, बाहेरून जाड दिसते ते सगळं रबर. छोट्या पेट्रोल गाडीला आत निदान 16 चौरस मिलिमीटर तांबं हवं, डिझेलला 25.

सुरू झाली की लगेच केबल ओढू नका, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. आपल्या गाडीचा ब्लोअर चालू करा, म्हणजे केबल काढताना व्होल्ट एकदम उसळले तर तो लोड ते झेलतो. मग लावलं त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने काढा, आधी इंजिनच्या धातूवरचं काळं, शेवटी आपल्या बॅटरीवरचं लाल. काढलेले चिमटे एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत.

दुसरी गाडी मिळत नसेल तर गाडी सुरू करून देणारा छोटा पॉवर पॅक मिळतो तो फार कामाचा, फक्त महिन्या-दोन महिन्याने चार्ज करून ठेवायचा आणि कडक उन्हात गाडीत सोडायचा नाही. बॅटरी अगदी तळाला गेली असेल तर पॅकला ती ओळखूच येत नाही, त्यासाठी त्यावर बूस्टचं बटण असतं, पण ते दाबलं की बऱ्याच पॅकमध्ये उलटं लावल्यावरचं संरक्षण बंद होतं, तेव्हा दाबायच्या आधी प्लस-मायनस दोनदा तपासा.

आणि धक्का? फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला, सपाट मोकळ्या जागेत, इग्निशन ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडी पळत्या माणसाच्या वेगात आली की क्लच झटकन सोडायचा आणि पेट घेतली की परत दाबायचा. इंजिन सुरू होईपर्यंत स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड असतात हे डोक्यात ठेवा. हल्लीच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटरलाच करंट लागतो, त्यामुळे मीटरवर एकही दिवा लागत नसेल तर कितीही ढकला, उपयोग नाही. मी स्वतः हा उपाय शेवटचा ठेवतो, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि ते महागात पडतं.

गाडी सुरू झाली, आता खरं काम

इथेच सगळे चुकतात. अर्धा तास फिरवून आणा, चार्ज होईल, हे सगळीकडे ऐकायला मिळतं. होत नाही. रात्रीत 25-30 ॲम्पिअर-तास गेलेत, अल्टरनेटर सुरुवातीला जोरात देतो पण बॅटरी जसजशी भरते तसतशी ती कमी कमी घेते, शेवटचा वीस टक्के भाग तर तासन्‌तास घेतो. अर्ध्या तासात पुढच्या एक-दोन स्टार्टपुरतं परत येतं, बस. गाडी जागेवर चालू ठेवली तर त्याहून कमी, कारण आयडलला अल्टरनेटर जे बनवतो त्यातलं बरंच लाईट, पंखा आणि इंजिनच खाऊन टाकतं.

आणि बॅटरी अर्धी रिकामी ठेवली की आत काय होतं तर प्लेटवर लेड सल्फेट तयार झालेलं असतं, ताजं असताना चार्ज केलं की ते परत विरघळतं, पण दिवसेंदिवस तसंच राहिलं की त्याचे कडक स्फटिक होतात आणि ते मग परत येत नाहीत, बॅटरीचा तेवढा भाग कायमचा गेला. गाडीच्या बॅटरीच्या प्लेट मुळातच पातळ असतात, क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेल्या, त्यांना रिकामं राहणं सोसत नाही. म्हणून शक्यतो त्याच दिवशी, निदान चोवीस तासांत चार्जरला लावा.

चार्जिंगचा साधा नियम म्हणजे क्षमतेचा दहावा भाग, 45 ची बॅटरी असेल तर 4-5 ॲम्पिअर, आणि आठ-दहा तास किंवा जास्तही. तळाला गेलेल्या बॅटरीला फास्ट चार्ज नको, दुकानात दिली तरी स्लो चार्ज करा असं ठासून सांगा. घरी करत असाल तर जागा हवेशीर, जवळ सिगारेट नाही, ठिणगी नाही. चार्जर बंद असताना लाल प्लसला, काळं मायनसला किंवा बॉडीच्या अर्थिंगला, मग बटण चालू. मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असेल तर काळं बॉडीलाच लावा, नाहीतर गाडीला कळतच नाही की बॅटरी भरली, आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारा स्टार्ट-स्टॉप दिवसभर रुसून बसतो. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत बहुतेक एजीएम किंवा ईएफबी प्रकारची, म्हणजे वारंवार स्टार्ट सोसणारी बॅटरी असते, चार्जरवर तो मोड असेल तर तो निवडा, लिथियमचा मोड चुकूनही नाही.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा. प्लेट उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला, पूर्ण पातळी चार्ज झाल्यावर करा, कारण चार्ज होताना पाणी वर चढतं आणि आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं.

बॅटरी काढायची झाली तर आधी मायनस सोडा, लावताना मायनस शेवटी. मायनस सोडल्यावर पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही, एवढंच कारण. परत जोडल्यावर घड्याळ चुकेल, खिडक्या एका स्पर्शात वर जाणार नाहीत, काही रेडिओ कोड मागतील, हे सगळं मॅन्युअल बघून परत शिकवता येतं, गाडी बिघडली असं समजू नका.

बॅटरी ठेवायची की बदलायची

मल्टिमीटर फार महाग वस्तू नाही, एक असू द्या. डीसी 20 व्होल्टवर ठेवा. चार्जिंग संपल्यावर लगेच मोजू नका, वरवरचा चार्ज असतो, रात्रभर ठेवून सकाळी मोजा. 12.6 च्या पुढे म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघा, त्या क्षणाला 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी थकलीये. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 दिसलं की अल्टरनेटर ठीक, नव्या गाड्यांत हा आकडा वरखाली होतो.

पूर्ण चार्ज केली, वायर सोडून बाजूला ठेवली आणि दोन दिवसात आपोआप 12.2 वर आली तर बदला. आणि कितीही चार्ज केली तरी 10.5 च्या आसपासच अडकली तर सहातला एक सेल गेलाय, एका सेलचे 2.1 व्होल्ट कमी झाले ना, तिच्यावर अजून वेळ घालवू नका. यापैकी काही नसेल तर बॅटरी ठेवा, कुणी काहीही म्हणो.

लाईट राहिला नव्हता तरी उतरली?

तर मग कुठलातरी न दिसणारा लाईट चालू आहे. डिकीचा दिवा सगळ्यात मोठा संशयित, झाकण बंद केल्यावर तो विझतो की नाही हे आपण कधी बघतच नाही. मोबाईलवर व्हिडिओ चालू करा, फोन डिकीत ठेवा, झाकण लावा, मिनिटभराने उघडून बघा. ग्लोव्ह बॉक्सचंही तसंच.

ब्रेक लाईट रात्री मागून जाऊन बघा. पेडलच्या दांड्याला एक छोटं प्लास्टिकचं किंवा रबराचं बटण असतं जे ब्रेकच्या स्विचला दाबून ठेवतं, ते जुनं होऊन चुरा होऊन पडतं आणि पाय काढला तरी ब्रेक लाईट चालूच. दोन बल्ब 21-21 वॅटचे, रात्रीत बॅटरी साफ. पायाखालच्या मॅटवर प्लास्टिकचे बारीक तुकडे दिसले तर ते झटकून टाकू नका, तेच असू शकतं.

काही गाड्यांत गाडी बंद करताना इंडिकेटरची दांडी वर किंवा खाली राहिली तर फक्त एका बाजूचे पार्किंग दिवे चालू राहतात, ती सोय अरुंद रस्त्यावर उभ्या गाडीसाठी दिलेली आहे पण बऱ्याच जणांना ती आहे हेच माहीत नसतं. एकच बाजू लागलेली दिसली तर बिघाड शोधत बसू नका, आधी दांडी मधे आणा.

एवढं करून सापडलं नाही तर मल्टिमीटर 10 ॲम्पिअरच्या सॉकेटला लावून मायनसची वायर सोडून मायनस टर्मिनल आणि त्या वायरच्या मधे जोडा, गाडी लॉक करा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. मीटर लावलेलं असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. 50 मिलिॲम्पिअरच्या खाली असेल तर ठीक, त्याहून बरंच जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा आणि ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येईल त्या लाईनवर शोधा. दार उघडल्याशिवाय फ्यूज बॉक्सपर्यंत हात पोचत नसेल तर दार आधीच उघडून लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवा, गाडीला दार लागलंय असंच वाटतं. काम झालं की ती परत मोकळी करा, तसंच दार आपटलं तर लॉक तुटतो.